गिअर लिव्हर वरणातल्या पळीसारखा फिरतोय? हेराल्ड आणि स्पिटफायरचे बुश घरीच बदला

आमच्याकडे १९६७ ची स्टँडर्ड हेराल्ड आहे, दोन दरवाजांची, बाबांनी महूच्या एका रिटायर्ड फौजी साहेबांकडनं घेतलेली. गेल्या पावसाळ्यात तिचा गिअर लिव्हर एवढा ढिला झाला की न्यूट्रलमध्ये असताना डावीकडून उजवीकडे माझा अख्खा पंजा फिरायचा, आणि आई मागे बसून म्हणायची, अरे गाडी चालवतोयस की वरणात पळी फिरवतोयस. दुसरा गिअर टाकायला जावं तर कधी लागायचा, कधी हात नुसता हवेत. मेकॅनिककडे नेली तर त्याने लिव्हर दोनदा हलवला आणि लगेच सांगून टाकलं, भिया पूरा गियरबॉक्स उतरेगा. आकडा असा सांगितला की मी गाडी तशीच घरी आणली.

गिअरबॉक्स उतरला नाही. उघडलासुद्धा नाही. झिजलं होतं काय, तर प्लॅस्टिकचे नखाएवढे दोन बुश (बोल्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या), एक गोल कप आणि पुढच्या जॉइंटमधलं रबर. मी मेकॅनिक नाही, बँकेत आहे, तरी दोन रविवारांत झालं, म्हणून ज्यांनी याआधी गाडीत एअर फिल्टरच्या पुढे काही उघडलं नाही त्यांच्यासाठी सगळं नीट लिहितोय.

आधी हे कुठल्या गाड्यांना लागू आहे ते. हेराल्ड आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवली, ९४८ सीसी इंजिनाची. तिकडे इंग्लंडमध्ये ट्रायम्फने हेराल्डचीच चेसिस आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली, इंजिन ११४७ सीसी, डिझाइन हेराल्डच्याच इटालियन डिझायनरचं, मिकेलॉट्टीचं. म्हणजे रस्त्यावर एक फॅमिली गाडी आणि एक छत उघडणारी हिरोची गाडी, पण टनेलचं, म्हणजे दोन सीटच्या मधल्या उंचवट्याचं, झाकण काढलं की सख्ख्या बहिणी. याचा फायदा असा की भारतात हेराल्डचे पार्ट मागितले तर दुकानदार आपल्याकडे संग्रहालयातून आल्यासारखं बघतो, पण स्पिटफायरचे शौकीन इंग्लंडमध्ये भरपूर, त्यामुळे तिचं गिअर लिव्हरचं रिपेअर किट तिकडच्या दुकानांत आजही नवंकोरं मिळतं. फक्त १९७४ च्या अखेरीस आलेली स्पिटफायर १५०० असेल तर थांबा, तिचा गिअरबॉक्स वेगळा आहे, हे सगळं तिला जसंच्या तसं लागू होणार नाही.

आता आत नक्की काय होतं ते समजून घ्या, नाहीतर नुसते नट फिरवत बसाल. या गाड्यांत लिव्हर थेट गिअरबॉक्समध्ये उतरत नाही. गिअरबॉक्स पुढे आहे, ड्रायव्हर मागे, म्हणून गिअरबॉक्सच्या वरच्या कव्हरला मागच्या बाजूने ॲल्युमिनियमचं एक लांबुळकं हाऊसिंग जोडलेलं असतं, त्याला रिमोट म्हणतात, आणि त्याच्या मागच्या टोकाला आपला लिव्हर उभा. लिव्हर मधे एका गोळ्यावर टेकलेला असतो, त्या गोळ्याभोवती नायलॉनचा कप आणि वरून दाबायला स्प्रिंग. लिव्हरचं खालचं टोक एका आडव्या बोल्टने रॉडला जोडलेलं, त्या बोल्टभोवती स्टीलची छोटी नळी म्हणजे स्लीव्ह आणि तिच्याभोवती नायलॉनचे दोन बुश. रॉड पुढे जातो आणि तिथे आणखी एका जॉइंटने गिअरबॉक्सच्या सिलेक्टरला, म्हणजे गिअर निवडणाऱ्या भागाला, धरतो, त्या जॉइंटमध्ये रबर असतं. झालं, एवढंच. तीन ठिकाणं.

प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी झीज होते आणि लिव्हरवर ती वाढून दिसते, कारण गोळ्याच्या वरचा दांडा लांब आणि खालचा आखूड. माझ्या गाडीत पट्टी लावून मोजलं तर साधारण पाचपट. म्हणजे खाली एक मिलिमीटर ढिलाई असेल तर वर मुठीत पाच, आणि अशा तीन जागांची बेरीज करा. म्हणून हातात भयंकर वाटतं आणि आत बघायला गेलं तर काहीच तुटलेलं नसतं.

उघडायच्या आधी दहा मिनिटं खर्च करा आणि आजार हाच आहे ना ते बघा. इंजिन बंद ठेवून क्लच न दाबता चारही गिअर टाकून बघा. बंद इंजिनावर छान लागतात आणि चालू केलं की खरखर करतात, तर दोष बुशचा नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये, त्याचा मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर बघा, यांचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा आहे. बंद इंजिनावरसुद्धा गिअर शोधावा लागतो, लिव्हर लटपटतो, ठराविक स्पीडला टनेलमधून खणखण आवाज येतो आणि लिव्हरवर हात ठेवला की थांबतो, तर बुश, पैजेवर सांगतो. गाडी लोडवर असताना गिअर आपोआप बाहेर येत असेल तर ते आतल्या बॉल आणि स्प्रिंगचं किंवा घसरलेल्या माउंटिंगचं काम असू शकतं, बुश बदलून ते जाईलच असं नाही. आणि एक, पहिला गिअर चालत्या गाडीत टाकताना करकरणारच, हेराल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर लागण्याआधी वेग जुळवणारी सोय, नाहीच आहे, ती गाडीची जन्मजात सवय आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

पाने. इथे नवीन माणूस हमखास फसतो. गाडी इंग्रजी, नट सगळे इंची. मुख्यतः ७/१६ आणि १/२ इंच लागतील, एखादा ९/१६. आपल्या घरात असतात मिलिमीटरचे पाने आणि मग माणूस म्हणतो १३ चा बसतोय की. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, १३ चा बसतो पण पाव मिलिमीटरहून जास्त ढिला, आणि जवळपास साठ वर्षं गंजलेल्या नटावर तेवढी ढिलाई पुरते कोपरे गोल व्हायला. ७/१६ म्हणजे ११.१, तिथे ११ चा पाना जातच नाही आणि १२ चा गोल गोल फिरतो. आमच्या इंदुरात सियागंजात इंची रिंग पान्यांचा सेट मागितला तर दोन दुकानांत नाही म्हणाले, तिसऱ्याने मागच्या रॅकमधून धूळ झटकून काढून दिला. तेवढा खर्च कराच. बाकी पेचकस, लांब नाकाची पकड, जुना टूथब्रश, घासलेट, गंज सोडवायचा स्प्रे, आणि जुना मफिन ट्रे किंवा आप्पेपात्र. आप्पेपात्र बेस्ट, प्रत्येक खळग्यात एका जॉइंटचे पार्ट, पण आईला विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

या कामात जॅक लावायची गरज नाही, गाडीखाली झोपायचं नाही, सगळं सीटवरून आणि पायाशी बसून. चाकांना पुढे-मागे विटा लावा, हँडब्रेक ओढा, बॅटरीचा एक टर्मिनल काढून ठेवा, कारण डॅशबोर्डच्या खाली हात आणि लोखंडी पाने दोन्ही फिरणार आहेत. पुढच्या सीट काढता आल्या तर काढाच, कंबर दुवा देईल.

लिव्हरची मूठ खालचा नट ढिला करून फिरवून काढा, मग रबरी बूट, मग गालिचा. गालिच्याखाली येतं टनेलचं झाकण आणि इथे माझी पहिली चूक झाली. मला वाटलं पत्रा असेल. नाही, दाबलेला पुठ्ठा निघाला, शाळेतल्या पॅडसारखा. कडेने खाली फ्लोअरला स्क्रू असतात, पुढे फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, असतात, एखादा गालिच्याच्या गोंदाखाली लपलेला असतो आणि तो राहिलाय हे न बघता मी ओढलं, कोपरा टरकला. नंतर आतून फायबरग्लासचं कापड आणि रेझिन लावून दुरुस्त केला. तुम्ही सगळे स्क्रू मोजून काढा आणि झाकण जबरदस्तीने न ओढता एका बाजूने तिरपं करून उचला. झाकण खूपच कुजलं असेल तर फायबरग्लासचं नवीन मिळतं, स्पिटफायरचं आणि हेराल्डचं मात्र एकच समजू नका, आकार जुळवून मग मागवा.

झाकण निघालं की रिमोट समोर. आधी पाच-सहा फोटो काढा, चारी बाजूंनी, पट्टी बाजूला ठेवून. मग कोणाला तरी लिव्हर हलवायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन बघा. माझ्या मुलीने लिव्हर हलवला तेव्हा दिसलं की लिव्हरचं खालचं टोक बरंच सरकतं, मग कुठे रॉड हलायला सुरुवात करतो. तिथेच अर्धा आजार. मग पुढचा जॉइंट बघा, तसाच.

सगळ्यावर घासलेट मारून ब्रशने घासा, साठ वर्षांचा चिखल आणि ग्रीस मिळून त्याचा हलवा झालेला असतो. धूळ आत गेली तर नवीन बुश वर्षभरात जुने होतील.

आता खालचा आडवा बोल्ट. नट सोडवा, बोल्ट हळू बाहेर काढा, तो निघताना वॉशर, स्लीव्ह, बुशचे तुकडे जे काय पडेल ते कुठल्या क्रमाने पडलं ते लक्षात ठेवा. खाली आधीच जुनं फडकं अंथरा. मी अंथरलं नव्हतं, एक वॉशर चेसिसच्या आडव्या पट्टीत जाऊन बसला आणि मग चुंबक दोऱ्याला बांधून विहिरीतली बादली काढावी तसा तासभर. मग लिव्हरच्या मुळाशी असलेली टोपी. ती काढताना वरून तळहाताने घट्ट दाबून धरा, तिच्याखाली स्प्रिंग दबून बसलेली आहे आणि सुटली की तोंडाच्या दिशेनेच येते, चष्मा घाला. टोपी, स्प्रिंग, प्लेट निघाली की लिव्हर सरळ वर उचलता येतो आणि गोळ्याभोवतीचा नायलॉन कप दिसतो. माझा कप एका बाजूने कागदाएवढा पातळ झाला होता.

तिथेच जवळ रिव्हर्ससाठी एक स्टॉप दिसेल, लॉकनट लावलेला. त्याला हात लावू नका. तो हलवला की उरलेला रविवार रिव्हर्स गिअर शोधण्यात जातो.

पार्ट मिळवायचे दोन रस्ते. किट मागवा, सरळ. पोस्टाचा खर्च आणि कस्टम धरून ते महाग पडतं, पण कप आणि स्प्रिंग त्यातच घ्या, गोळ्याचा कप घरच्या घरी नीट बनत नाही. दुसरा रस्ता, लेथवर बनवून घ्यायचे. इंदुरात सांवेर रोडला किंवा पोलोग्राउंडकडे खरादवाले पुष्कळ, मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डर करणारे तुमचे दोन बुश करायला वैतागतात, म्हणून एकटा बसणारा म्हातारा कारागीर शोधा, तो चहा पाजतो आणि चारदा मोजतो. मटेरियल कुठलं सांगायचं? नायलॉन चालतं, पण नायलॉन हवेतला ओलावा पिऊन थोडं फुगतं, उन्हाळ्यात बरोबर बसवलेला बुश पावसाळ्यात आवळतो. डेलरिन सांगा, म्हणजे ॲसिटल, ते पाणी खूप कमी पितं आणि लेथवर छान कापलं जातं. पितळेचे पण लोक बनवतात, टिकतात, पण इंजिनाचं सगळं थरथरणं मुठीत येतं, मला नाही आवडत.

आता जो मुद्दा मला कोणी सांगितला नव्हता तो. स्लीव्हची लांबी. बोल्टचा नट आवळला की त्याचा दाब स्टीलच्या स्लीव्हवर यायला हवा, बुशवर नाही. स्लीव्ह दोन्ही बुश मिळून होणाऱ्या रुंदीपेक्षा केसभर लांब पाहिजे, मग नट कितीही घट्ट करा, स्लीव्ह बोल्टबरोबर गच्च राहते आणि बुश तिच्यावर मोकळा फिरतो. स्लीव्ह आखूड पडली तर नट थेट प्लॅस्टिकला चिमटा काढतो आणि लिव्हर लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखा जड होतो. माझं पहिल्यांदा हेच झालं. मला वाटलं नवीन आहे, बसेल हळूहळू, तीन दिवस तसाच चालवला, दंड दुखायला लागला. मग खरादवाल्याकडे परत, त्याने बुशच्या तोंडावरून जरासं खरवडून दिलं, दोन मिनिटांचं काम, पैसे पण घेतले नाहीत, म्हणाला पहले ही नाप के लाना था ना. जुनी स्लीव्ह घासली गेली असेल तर नवीनच घ्या, पायरी पडलेल्या स्लीव्हवर नवा बुश घालणं म्हणजे फाटक्या बनियनवर इस्त्री.

तसंच लिव्हरच्या टोकाचं भोक बघा. बुश संपून गेल्यावर वर्षानुवर्षं लोखंडावर लोखंड घासलं असेल तर भोक लंबगोल झालेलं असतं. बोटाने कळत नाही, नवीन ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू घालून हलवून बघा. थोडं लंबगोल असेल तर भोक मोठं गोल करून जाड बुश, जास्त असेल तर वेल्डिंगने भरून परत ड्रिल. ते मात्र जाणत्याकडून करून घ्या.

पुढच्या जॉइंटसाठी रिमोटचं हाऊसिंग वरच्या कव्हरपासून सोडवावं लागतं. गिअर न्यूट्रलला आहे ना बघा, नट सोडवा, हाऊसिंग मागे सरकवा. समोर गिअरबॉक्सच्या बाजूला जे उघडं दिसेल तिथे लगेच स्वच्छ कापड लावा, एखादा वॉशर आत पडला तर मेकॅनिकचं ते वाक्य खरं होईल. जॉइंटमधलं रबर बोटाने दाबा, माझ्याकडचं सुक्या खजुरासारखं झालं होतं, बोटात भुगा. हा जुना रबरी बुश ठोकून काढू नका, हाऊसिंग ॲल्युमिनियमचं आहे. व्हाइसमध्ये एका बाजूला मोठा सॉकेट, दुसऱ्या बाजूला छोटा, आणि हळूहळू आवळून दाबून काढायचा, नवीन पण तसाच दाबून बसवायचा, वंगण म्हणून साबणाचं पाणी. तेल लावू नका, रबर फुगतं. हाऊसिंगच्या तोंडावर जुनं गॅस्केट असेल तर ब्लेडने खरवडून नवीन कापा.

जोडणी उलट क्रमाने, आणि त्यात विशेष काही नाही. बुश आत जायला हट्ट करत असेल तर दोन मिनिटं गरम पाण्यात टाका, नरम पडतो. कपाला आणि स्लीव्हला ग्रीसचा पातळ हात, श्रीखंड फासल्यासारखा थर नको, धूळ धरतो. आतून प्लॅस्टिकची रिंग असलेले लॉकनट एकदा काढले की परत वापरू नका, पाच-दहा रुपयांचा नट चालत्या गाडीत सुटला तर लिव्हर हातात आणि गिअर तिसऱ्यात. झाकण लावायच्या आधी, इंजिन बंद, चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. एखादा अडला तर दामटू नका, गाडी वीतभर पुढे ढकला, आतले दात समोरासमोर आले असतील तर तेवढ्याने जागा मिळते. तरीही अडतोय तर रॉड वाकडा बसलाय किंवा स्लीव्हचंच काहीतरी आहे, परत उघडा, आत्ताच उघडणं सोपं आहे.

झाकण उघडंच आहे तर गिअरबॉक्सच्या बाजूचा लेव्हल प्लग काढून तेल बघून घ्या, तेल भोकाच्या काठाला यायला हवं. भरायचं असेल तर ईपी ९० पण जीएल-४ ग्रेडचं, दुकानात बहुतेक जीएल-५ पुढे करतात, या जुन्या बॉक्समध्ये पितळी भाग आहेत आणि ते काही जीएल-५ तेलांना चालत नाहीत. आणि लिव्हरचा रबरी बूट फाटका असेल तर बदला, आमच्याकडे मे महिन्यात टनेलमधून येणारी गरम हवा डाव्या पायाला पोळते, मी तोवर ट्रकच्या ट्यूबचा तुकडा कापून लावलाय, दिसायला भिकार आहे पण चालतो.

पहिली फेरी पहाटे राजवाड्यापर्यंत काढली, पोहे-जिलेबी खाऊन परत. दुसरा, तिसरा, परत दुसरा, मुद्दाम सारखे बदलत होतो. लिव्हर आता न्यूट्रलमध्ये दोन बोटं हलतो, तेवढं हलायलाच पाहिजे. खणखण गेली, तेव्हा कळलं की सायलेन्सरचा क्लॅम्पसुद्धा वाजतोय. दोनेकशे किलोमीटर झाले की झाकण एकदा परत उचलून दोन्ही लॉकनट पान्याने तपासा, माझा पुढचा पाव फेरा आवळला गेला होता.